खान्देशातलं गॅरेज: व्यायामशाळा आणि वर्कशॉप एकाच छपराखाली – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे आकडे लागतात तिथे २० × १५ फुटांचं, ११ फूट उंचीचं गॅरेज धरलं आहे. आपलं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

१. व्यायामाचं सामान आणि वर्कशॉप दोन्ही बसवायचं तर किती जागा लागेल?

३०० चौरस फुटांत दोन्ही नीट बसतं. २०० मध्येही बसतं, पण मग गाडी बाहेर उभी राहते. लांबी-रुंदीपेक्षा दोन मापांवर जास्त लोक फसतात. पहिलं माप बारबेलचं. ऑलिम्पिक बार २.२ मीटर म्हणजे सव्वासात फूट लांब असतो आणि प्लेट चढवायला दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन फूट लागतात. म्हणून रॅकच्या जागी ११-१२ फूट रुंदी मोकळी हवी. दुसरं माप उंचीचं. डोक्यावर वजन उचलायचं असेल तर तुळईखाली साडेनऊ-दहा फूट मोकळे ठेवा, आणि त्या भागात छताचा पंखा लावूच नका. भिंतीवरचा पंखा लावा.

२. परवानगी लागते का? गॅरेज तर आहे, घर थोडंच आहे!

लागते. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत बाजूची आणि मागची सोडायची जागा (मार्जिन) शेड टाकून भरता येत नाही. नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेली जागा कागदावर पार्किंगच राहते. गावठाणात ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. जमीन बिनशेती नसेल तर आधी तलाठ्याकडे चौकशी, मग पायाची आखणी.

३. शटर कोणत्या दिशेला ठेवावं?

उत्तरेला, नाही जमलं तर पूर्वेला. गॅरेजची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की पश्चिमेची भिंत आखूड होते आणि दुपारचं ऊन कमी झेलते. पश्चिमेला खिडकी नको, शटर तर नकोच. प्लॉटचा रस्ताच पश्चिमेला असेल तर प्रश्न ९ पाहा.

४. आमची जमीन काळी आहे. पाया किती खोल घ्यावा?

तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत सगळ्यात महागात पडणारी चूक पायातच होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीन फुटांवर थांबवलेला पाया या मातीबरोबर दरवर्षी वर-खाली होतो. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरकी भेग जाते आणि शटर अडकायला लागतं.

आधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघा. पाच-सहा फुटांत पक्का मुरूम लागला तर फूटिंग त्यावर टेकवा. साक्री किंवा सातपुड्याच्या पायथ्याकडे तो बऱ्याचदा लवकर लागतो. नाही लागला तर अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात, म्हणजे तळाशी फुगवटा दिलेले बोअर पाइल. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी साडेतीन मीटरपेक्षा कमी नको, कारण त्याच्या वरच्या थरातली ओल ऋतूप्रमाणे बदलत राहते. पाइलवरच्या प्लिंथ बीमखाली सुमारे ८० मिमी पोकळी सोडायला सांगा. बीम थेट मातीवर टेकला तर फुगणारी माती त्याला खालून उचलते. गवंडी ही पोकळी ‘वाया’ समजून भरून टाकतात, त्यामुळे त्या दिवशी जागेवर हजर राहा.

बाहेरून चारही बाजूंना तीन फूट रुंद, उताराचा कोबा करा. छपराचं पाणी पन्हाळीतून दूर सोडा. पाया कितीही चांगला असला तरी त्याच्या कडेला पाणी मुरलं तर उपयोग नाही.

५. फरशी किती जाड? सिमेंट, सळई, मुरूम किती लागेल?

फरशीखालची काळी माती किमान तीन फूट काढून टाका. तिच्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, रोलर फिरवून भरा. फक्त वाळू भरू नका. वाळूतून पाणी थेट खालच्या मातीपर्यंत पोचतं आणि तिला फुगवतं. एवढ्या भरावाला दाबलेला मुरूम ९०० घनफूट, म्हणजे सुटा साधारण साडेअकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल. जोतं जमिनीच्या वर दीड फूट उचलायचं असेल तर त्याचा भराव वेगळा धरा.

त्यावर सोलिंग (दगडांचा थर), मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, मग ५ इंच एम-२० काँक्रीट. त्याचा हिशोब असा: सिमेंट २९-३० गोण्या, वाळू किंवा क्रश सँड सुमारे अर्धा ब्रास, खडी एक ब्रासपेक्षा थोडी जास्त. ८ मिमी सळई दोन्ही दिशांना ६ इंचांवर टाकली तर ओव्हरलॅप धरून १५५ किलोच्या आसपास लागते. डेडलिफ्टच्या जागी, ८ × ८ फुटांत, जाडी ६ इंच करा.

फरशी आणि भिंत यांच्यात १२ मिमी थर्माकोलची पट्टी ठेवा. एक हलली तरी दुसरीला धक्का बसत नाही. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी हवंच. एप्रिल-मेमध्ये काम असेल तर सकाळी लवकर ओता आणि ओली गोणपाटं टाकून दहा दिवस भिजवा, नाहीतर लू त्यातलं पाणी खेचून घेते आणि वर बारीक भेगांची जाळी उमटते.

६. भिंतीला विटा, एएसी ब्लॉक की पफ पॅनेल?

एएसी म्हणजे आत हवेचे बारीक कप्पे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक. ८ इंची एएसी ब्लॉकची भिंत ९ इंची विटांच्या भिंतीपेक्षा साधारण साडेतीन पट उष्णता अडवते आणि वजनाला खूपच हलकी असते. हलकी म्हणजे काळ्या जमिनीवर भारही कमी. आमच्या मते खान्देशात रोजच्या वापराच्या गॅरेजला हाच मधला मार्ग बरा. शटर, एक दार आणि दोन खिडक्या वजा जाता ६०० × २०० × २०० मिमीचे सुमारे ५२५ ब्लॉक लागतील, तूटफूट धरून.

एएसी पाणी शोषतो. बाहेरून प्लास्टर आणि वॉटरप्रूफ रंग टाळू नका, आणि पहिला थर जोत्यावर डीपीसी (खालची ओल अडवणारा थर) करूनच रचा. ब्लॉक भिजवायचे नसतात. बांधायला जॉइंट मॉर्टर वापरायचं, नेहमीचा जाड मसाला नाही.

पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं तयार पॅनेल) झटपट उभं राहतं आणि उष्णता सगळ्यात चांगली अडवतं, पण ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या बाजूला ते नको. ठिणगी पॅनेलच्या कापलेल्या कडेतून आत गेली तर फोम पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. तिथे रॉकवूल (दगडापासून केलेली, न पेटणारी लोकर) भरलेलं पॅनेल किंवा ब्लॉकची भिंतच घ्या.

७. छत पत्र्याचं की स्लॅबचं?

उन्हाळ्यात गॅरेजमध्ये शिरणारी बहुतेक उष्णता छतातून येते. मेमध्ये दुपारी साधा पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो आणि माणसाच्या डोक्यावर शेगडीसारखा शेकतो.

खर्च आणि वजन दोन्ही बघता ५० मिमी पफ पॅनेलचं छप्पर योग्य ठरतं. एवढ्या पफचा उष्णता-रोध जवळपास पाच फूट जाड विटांच्या भिंतीइतका असतो. वरचा पत्रा पांढरा किंवा फिकट घ्या. चारही बाजूंना दीड फूट बाहेर काढलं तर उतार धरून सुमारे ४२५ चौरस फूट पॅनेल लागेल. पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) ४-५ फुटांवर ठेवा, उतार ५ अंशांपेक्षा कमी नको.

बांधणीत कंजुषी नको. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यात छपरं उडतात. वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर खेचतो. म्हणून ट्रसची (छपराच्या लोखंडी सांगाड्याची) बेस प्लेट आरसीसी कॉलममध्ये आधीच गाडलेल्या बोल्टला कसा. स्क्रू ईपीडीएम (रबरी) वॉशरचेच घ्या, आणि कडेच्या दोन ओळींत ते दुप्पट मारा, कारण पत्रा आधी कडेनेच उचकटतो.

स्लॅब टाकणार असाल तर इन्सुलेशन वरून करा: ५० मिमी एक्सपीएस (कडक फोमची शीट), त्यावर उताराचा कोबा, वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. खालून फॉल्स सीलिंग करून फारसं साधत नाही. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

८. भाऊ, पत्र्याखाली नुसतं थर्माकोल किंवा चंदेरी बबल शीट चिकटवलं तर नाही चालणार का?

बबल शीट चालतं, पण पत्र्याला चिकटवून नाही. चकचकीत फॉइलसमोर किमान एक इंच हवेची पोकळी असेल तरच ते उष्णता परतवतं. पत्र्याला टेकलं की ते फक्त पातळ प्लास्टिक उरतं. पर्लिनखाली जीआय तार ताणून त्यावर अंथरा. एकटं बबल शीट म्हणजे निम्मं काम. त्यावर ५० मिमी रॉकवूल टाकलं तर फरक कळतो.

उघडं थर्माकोल वर्कशॉपमध्ये नको. ते पेटतं आणि वितळून जळते थेंब खाली पडतात. लावायचंच असेल तर खाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्डचं पक्कं आवरण हवं.

९. गॅरेज आधीच बांधलेलं आहे, वर पत्रा, शटर पश्चिमेला. कुठून सुरुवात करू?

याच क्रमाने: छत, शटर, पश्चिमेची भिंत, बाकी सगळं नंतर. पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग एका दिवसात लागतो; दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. खालून प्रश्न ८ प्रमाणे काम करा.

शटरला इन्सुलेशन चिकटवता येत नाही, गुंडाळताना फाटतं. आतून रुळावर सरकणारे दोन हलके पॅनेलचे दरवाजे बसवा. बाहेर सहा फुटांचं छज्जेवजा शेड काढलं तर दुपारी तीनच्या सुमारापर्यंतचं ऊन शटरवर पडतच नाही. शटरच्या खाली रबर पट्टी आणि बाजूंना ब्रश पट्टी लावा. लू आणि धूळ दोन्ही तिथूनच येतात.

१०. आमचं आजोबांचं धाब्याचं घर मेमध्येही थंड असायचं. मग मातीची जाड भिंत का नको?

धाबं उष्णता अडवत नाही, उशीर करतं. जाड माती दिवसभर ऊन पिते आणि रात्री आत सोडते. त्या काळी रात्री सगळे अंगणात किंवा धाब्यावर झोपायचे, म्हणून ते जमायचं. तुम्ही व्यायाम करणार संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे नेमकी भिंत उष्णता ओकते तेव्हा. उघड्या स्लॅबचंही तेच. म्हणून जड भाग आत आणि इन्सुलेशन बाहेर, हा क्रम ठेवा. पहाटे खिडक्या उघडून गार हवा आत घ्या, नऊच्या आत बंद करा.

११. कूलर पुरेसा होईल की एसीच लागेल?

मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा कूलर उत्तम, त्यानंतर निरुपयोगी. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असते. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २७ ते २९ अंशांची हवा देतो. ११ फूट उंचीच्या या खोलीचं आकारमान ३,३०० घनफूट, तेव्हा सुमारे १,६५० सीएफएमचा (मिनिटाला एवढे घनफूट हवा देणारा) कूलर बघा.

कूलर आणि एसी यांची गरज एकमेकांच्या उलट असते. कूलरला हवा बाहेर जायला वाट हवी, दर १,००० सीएफएमला साधारण २ चौरस फूट. एसीला सगळं बंद हवं. दोन्ही वापरणार असाल तर समोरासमोर झडप लागणाऱ्या खिडक्या करा. कूलरच्या ओल्या हवेत लोखंडी हत्यारं, बारबेल आणि लेथचे बेड गंजतात. हत्यारं बंद कपाटात ठेवा, बारला महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा.

इन्सुलेशन नीट असेल तर या मापाला दीड टन इन्व्हर्टर एसी पुरतो. उघड्या पत्र्याखाली दुप्पट टनाचाही घाम निघतो.

१२. विजेचा भार किती धरायचा? थ्री-फेज लागेल का?

साधारण आकडे असे: दीड टन एसी १.६ किलोवॅट, ट्रेडमिल १.५ ते २, दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर १.५, २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पूर्ण जोरावर ६-७ केव्हीए, दिवे-पंखे अर्धा किलोवॅट. सगळं एकदम चालत नाही. वेल्डिंग करणारा माणूस त्याच वेळी धावत नसतो. एसी, वेल्डिंग आणि दिवे असं धरलं तरी घरभाराच्या वर ७-८ किलोवॅट जातात. त्यामुळे महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज करा आणि बहुतेक वेळा थ्री-फेज घ्या.

थ्री-फेज घेतल्यावर एक धोका लक्षात ठेवा. न्यूट्रल सैल झाला तर एका फेजवर ३००-३५० व्होल्टही येऊ शकतात आणि ट्रेडमिलचं कार्ड, एसीचं पीसीबी एका क्षणात जळतं. मेनमध्ये कमी-जास्त व्होल्टेज कापणारा रिले बसवा. खेड्यात दाब कमी-जास्त होतो तिथे तो सिंगल-फेजलाही हवाच.

१३. घरातून गॅरेजपर्यंत केबल कोणत्या जाडीची आणि किती खोल?

२५ मीटर अंतर आणि ३० अँपिअर भार असेल तर ६ चौ. मिमी तांब्याच्या केबलमध्ये साडेपाच व्होल्ट पडतात, ते चालतं. ४ चौ. मिमीमध्ये सव्वाआठ पडतात. वेल्डिंग सुरू झालं की दिवे मंदावतात. ४०-५० मीटर असेल तर १० चौ. मिमी घ्या. केबल आर्मर्ड हवी, अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटांची ओळ. काळ्या जमिनीत केबल ताठ ओढून टाकू नका, थोडी नागमोडी सोडा. जमीन आक्रसली की ती खेचली जाते.

गॅरेजला स्वतःचं अर्थिंग द्या: अडीच मीटर जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात माती भेगाळून पाइपपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्याला फनेल ठेवा, मार्चपासून दर आठवड्याला पाणी घाला.

१४. आतली वायरिंग कशी विभागावी?

दिव्यांना दीडची (दीड चौ. मिमी) वायर आणि ६ अँपिअर एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच). १६ अँपिअर सॉकेटना अडीचची वायर, एका एमसीबीवर दोन-तीनपेक्षा जास्त सॉकेट नकोत. एसीला चारची वायर आणि २० अँपिअर सी-कर्व्ह. वेल्डिंगला सहाची वायर, ३२ अँपिअर सी-कर्व्ह आणि इंडस्ट्रियल सॉकेट. मोटार सुरू होताना पाच ते सात पट करंट ओढते, म्हणून लवकर पडणारा बी-कर्व्ह एमसीबी उगाच पडतो, सी-कर्व्ह तो झटका सोसतो. सॉकेट फरशीपासून चार फुटांवर बसवा, म्हणजे भुसा आणि लोखंडाचा चुरा आत जात नाही. सगळ्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की वीज तोडणारा स्विच), तोही एक नाही, दोन (प्रश्न १५).

१५. आरसीसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो काढून टाका. काढू का?

नाही. घाम आलेला माणूस, लोखंडी बार आणि ओली फरशी एकत्र असताना तोच जीव वाचवतो. आधी कारण शोधा. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे गॅरेजमध्ये कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असणं किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल मिसळलेले असणं. दुसरं कारण, ट्रेडमिल आणि वेल्डिंग इन्व्हर्टरच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थमध्ये गळतो; दोन्ही एकाच आरसीसीबीवर असले की बेरीज मर्यादेपर्यंत जाते. ते दोन आरसीसीबींवर वाटून द्या. तिसरं, पावसाळ्यात बाहेरच्या दिव्यात पाणी.

१६. शेतातल्या पंपाच्या लाइनवरून गॅरेज चालवलं तर? आणि गावातली वेल्डिंगची कामं पैसे घेऊन केली तर?

दोन्हीही विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतात आणि तसं ठरलं तर आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते. स्वतःच्या ठिबकची, मोटारीची किंवा ट्रॉलीची दुरुस्ती घरगुती जोडणीवर करायला हरकत नाही. कामं पैसे घेऊन करायची तर वेगळं मीटर घ्या.

१७. एकाच खोलीत ग्राइंडिंग आणि व्यायाम चालतो का?

एकाच वेळी मुळीच नाही. जोराचा श्वास घेताना लोखंडाचा चुरा आणि वेल्डिंगचा धूर खोल छातीत जातो. मधे पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा किंवा सहा फुटी आडभिंत घाला, वर्कशॉपच्या बाजूला १२ इंची एक्झॉस्ट बसवा. या खोलीची हवा तासाला दहा वेळा बदलायला ताशी सुमारे ९३० घनमीटर क्षमता लागते. पंख्याच्या पाटीवर आकडा बघूनच घ्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करत असाल तर जस्ताच्या धुराने ताप येतो, ते काम शटरबाहेर करा.

पडद्याजवळ ४ किंवा ६ किलोचं एबीसी अग्निशामक. पेट्रोल आणि थिनर गॅरेजमध्ये साठवू नका. जनरेटर आत चालवणं जिवावर बेतू शकतं.

१८. एएसी भिंतीला पुल-अप बार आणि रॅक ठोकता येईल का?

साध्या फास्टनरने नाही. ब्लॉक ठिसूळ असतो. झोके घेताना बोल्ट हळूहळू भोक मोठं करत निघून येतो. बांधतानाच सात-साडेसात फुटांवर आरसीसी पट्टी फिरवून घ्या आणि बार तिथे बसवा. भिंत आधीच झाली असेल तर आरपार बोल्ट आणि बाहेरून लोखंडी प्लेट, नाहीतर सरळ फरशीला बोल्ट केलेला स्वतंत्र रॅक. रॅकखाली १८ मिमी प्लाय आणि त्यावर २० मिमी रबर टाका.

१९. परदेशी व्हिडिओत इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला प्लास्टिक लावतात. आपणही लावावं का?

उलट करा. तिकडे आत ऊब आणि बाहेर बर्फ असतो, म्हणून आतली ओल भिंतीत जाऊ नये हा हेतू. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर दमट हवा आणि आत एसी, तेव्हा ओल बाहेरून आत येते. प्लास्टिक आतून लावलं तर ती त्याच्यामागे अडकून रॉकवूल भिजतं. अडथळा बाहेरच्या बाजूला हवा. पफ पॅनेलला वेगळा लागत नाही, त्याचा बाहेरचा पत्राच ते काम करतो; फक्त सांधे सीलंटने बंद करा.

२०. छपरावर सोलर बसेल का?

बसेल, आणि पॅनेलच्या सावलीने छतही कमी तापतं. पॅनेल आणि स्ट्रक्चर मिळून चौरस मीटरला सुमारे १५ किलो वजन होतं, शिवाय वाऱ्याची ओढ. त्यामुळे फॅब्रिकेटरला ट्रस करण्याआधीच सांगा आणि पॅनेल दक्षिणेकडे झुकवा. घरगुती जोडणीला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावर जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. मीटर व्यावसायिक असेल तर ते मिळत नाही.

२१. पफ पॅनेल आणि रॉकवूलमध्ये उंदीर घर करतात म्हणतात, खरं का?

कापलेली कड उघडी राहिली तर करतात. फोम खात नाहीत, पोखरतात. प्रत्येक उघड्या कडेला पत्र्याची फ्लॅशिंग मारा, केबलच्या भोकात स्टीलचा चोथा कोंबून वरून सीलंट भरा. वायरिंग उघडी न ठेवता कडक पाइपमधूनच न्या, कारण खारी वायर कुरतडतात. वाळवीसाठी पायाच्या भरावावरच औषध मारून घ्या. फरशी ओतल्यावर भोकं पाडून मारावं लागतं आणि खालचा प्लास्टिक कागद फाटतो.